जुन्या लेन्सचा 'गरगरणारा' बोके नेमका येतो कुठून? आणि तो डिजिटल कॅमेऱ्यावर मिळवायचा कसा?

२०२२ मध्ये आलेल्या 'द बॅटमन' या चित्रपटातली काही दृश्यं शूट करण्यासाठी सिनेमॅटोग्राफर ग्रेग फ्रेझर यांनी एक जुनी सोव्हिएत लेन्स वापरली. तिचं नाव हेलिऑस ४४-२. ही लेन्स मुळात सिनेमासाठी बनलेली नव्हती. झेनिट नावाच्या साध्या फिल्म कॅमेऱ्यासोबत ती यायची आणि त्या काळी घरगुती फोटो काढणारे लोक ती वापरायचे. पुढे २०२४ च्या 'ड्यून: पार्ट टू'साठीही फ्रेझर यांनी जुन्या सोव्हिएत लेन्स निवडल्या. आयर्नग्लास या युक्रेनमधल्या कंपनीने त्या लेन्सची मूळ काच तशीच ठेवून तिला सिनेमाच्या कॅमेऱ्याला चालेल असं नवं धातूचं आवरण दिलं होतं.

कोट्यवधी डॉलरचं बजेट असलेल्या सिनेमाला अशी लेन्स का लागावी? उत्तर आहे तिने काढलेल्या फोटोतली पार्श्वभूमी. मधला माणूस स्पष्ट दिसतो आणि त्याच्यामागची झाडं, पानं, दिवे त्याच्याभोवती भोवऱ्यासारखे फिरत असल्याचा भास होतो. हे फोटो सोशल मीडियावर पाहून आपल्याकडेही अनेक जण जुन्या मॅन्युअल लेन्स शोधू लागले आहेत.

पण लेन्स हातात आल्यावर अनेकांची निराशा होते. कुणाला तो भोवरा दिसतच नाही, तर कुणाचे सगळेच फोटो धुरकट येतात. पहिल्या तक्रारीमागे बहुतेक वेळा कॅमेरा आणि फोटो काढण्याची पद्धत असते. दुसरीचं कारण लेन्सच खराब असणं, हे असू शकतं. भोवरा हा लेन्सच्या रचनेतला दोष आहे आणि धुरकटपणा हा बहुतेकदा बिघाड आहे. पैसे मोजण्याआधी या दोन्हींतला फरक समजून घ्यायला हवा.

बोके म्हणजे काय?

आधी नावाचा घोळ मिटवू. 'बोके' म्हणजे गल्लीतले बोके नव्हेत. हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थ धूसरपणा. १९९७ मध्ये 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकन मासिकाने या विषयावर लेख छापले, तेव्हा इंग्रजी वाचकांनी चुकीचा उच्चार करू नये म्हणून संपादक माइक जॉन्स्टन यांनी शब्दाच्या शेवटी एक जादाचं 'एच' जोडलं. तेच स्पेलिंग पुढे जगभर रूढ झालं.

लेन्स एका ठरावीक अंतरावर फोकस करते. त्या अंतराच्या पुढे किंवा मागे असलेला प्रकाशाचा ठिपका सेन्सरवर ठिपका म्हणून उमटत नाही, तो पसरून चकती बनतो. फोटोतली धूसर पार्श्वभूमी म्हणजे अशा असंख्य चकत्यांची एकमेकांवर पडलेली गर्दी. पार्श्वभूमी किती धूसर आहे, हा झाला एक प्रश्न. ती धूसरता दिसते कशी, हा दुसरा. बोके हा शब्द या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

चकती मधोमध आणि कडेला सारखीच उजळ असेल तर एक परिणाम दिसतो. तिची कड जास्त उजळ असेल तर दुसरा. चकती गोल आहे, लांबट आहे की अष्टकोनी, यानेही फरक पडतो. हे सगळं लेन्सच्या रचनेवर अवलंबून असतं. म्हणूनच एकाच फोकल लेंथच्या, एकाच अपर्चरच्या दोन लेन्स वेगवेगळी पार्श्वभूमी देतात.

हेलिऑस आली कुठून?

या लेन्सचं मूळ जर्मनीत आहे. येना शहरातल्या कार्ल झाइस कंपनीत विली मेर्टे नावाचे लेन्स डिझायनर होते. 'बायोटार' ही त्यांची रचना. १९३० च्या दशकात ५८ मिलिमीटर एफ/२ बायोटार ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यांसाठी बाजारात आली. त्या काळाच्या मानाने ही खूप प्रकाश आत घेणारी लेन्स होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर येना सोव्हिएत नियंत्रणाखाली गेलं. युद्धाची भरपाई म्हणून झाइसची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात नेण्यात आली आणि १९४६ मध्ये तिथले अनेक तंत्रज्ञही नेण्यात आले. त्यानंतरच्या काळात सोव्हिएत कारखान्यांनी झाइसच्या अनेक रचना आपल्याकडच्या काचेसाठी नव्याने आखून बनवल्या. ज्युपिटर मालिकेतल्या अनेक लेन्स झाइसच्या 'सोनार'वर आधारलेल्या आहेत, तर हेलिऑस ४४ ही 'बायोटार'वर.

मॉस्कोच्या पश्चिमेला क्रास्नोगोर्स्क शहर आहे. तिथल्या केएमझेड कारखान्यात १९५८ मध्ये 'स्टार्ट' नावाच्या कॅमेऱ्यासोबत हेलिऑस ४४ आली. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यातली सगळ्यात ओळखीची ४४-२. ती १९६५ पासून बनलेल्या झेनिट-ई कॅमेऱ्यासोबत मोठ्या प्रमाणावर विकली गेली. झेनिट पश्चिम युरोपातही निर्यात व्हायचा. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकचं चिन्ह असलेले झेनिट आजही जुन्या बाजारात सापडतात.

हेलिऑस ४४ चं उत्पादन १९९० च्या दशकापर्यंत चाललं. केएमझेडसोबत मिन्स्क आणि वाल्दाय इथल्या कारखान्यांतही ती बनली. एवढ्या मोठ्या संख्येने बनल्यामुळेच ती आज दुर्मीळ नाही आणि नव्या पोर्ट्रेट लेन्सच्या तुलनेत बरीच स्वस्त पडते.

पार्श्वभूमी गरगरते का?

घरच्या घरी हे समजून घेता येतं. दोन बांगड्या घ्या आणि एकीमागे एक, चार बोटांच्या अंतरावर धरा. अगदी समोरून पाहिलं तर आरपार पूर्ण गोल दिसेल. आता थोडं तिरकं पाहा. पुढची बांगडी मागच्या बांगडीचा काही भाग झाकेल आणि मधली मोकळी जागा गोल न राहता दोन्ही बाजूंनी निमुळती, मांजरीच्या डोळ्यासारखी दिसेल. फोटोग्राफीत या आकाराला 'कॅट्स आय' असंच म्हणतात. म्हणजे बोक्याचा संबंध अगदीच नाही असं नाही.

लेन्समध्येही तेच होतं. लेन्स म्हणजे एक नळी. तिच्या पुढच्या काचेची कड आणि मागच्या काचेची कड या दोन बांगड्या समजा. फोटोच्या मधोमध येणारा प्रकाश सरळ आत येतो, त्यामुळे तिथल्या चकत्या गोल असतात. कडेला उमटणारा प्रकाश तिरका आत येतो, त्याचा काही भाग अडतो आणि चकत्या निमुळत्या होतात. या निमुळत्या चकत्यांची लांबी फोटोच्या केंद्राभोवतीच्या वर्तुळाला धरून असते. अशा शेकडो चकत्या केंद्राभोवती रांगेत लागल्या की डोळ्यांना भोवरा दिसतो.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. या लेन्सचं फोकसचं प्रतल पूर्ण सपाट नाही, किंचित वाकलेलं आहे. शिवाय कडेला येणारा प्रकाश उभ्या आणि आडव्या दिशेने वेगवेगळ्या ठिकाणी एकवटतो. याला ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात. या दोन्हींमुळे कडेची धूसरता एका दिशेने ओढल्यासारखी दिसते.

लेन्स बनवणाऱ्यांच्या दृष्टीने हे सगळे दोषच. नंतरच्या दशकांत चांगल्या काचा, ॲस्फेरिकल काचा आणि संगणकावरची गणितं यांच्या मदतीने कंपन्यांनी ते बरेचसे कमी केले. आजच्या महागड्या लेन्सने काढलेल्या फोटोत पार्श्वभूमी मऊ आणि शांत असते. त्यामुळेच 'गरगर' हवी असणाऱ्यांना जुन्या लेन्सकडे वळावं लागतं.

फक्त हेलिऑसच का?

नाही. बोकेसाठी ओळखल्या जाणाऱ्या लेन्सची यादी मोठी आहे आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

• पेट्झवाल: जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये व्हिएन्नात आखलेली पोर्ट्रेट लेन्स. तिचं फोकसचं प्रतल चांगलंच वाकलेलं असल्याने भोवरा हेलिऑसपेक्षाही ठळक दिसतो. २०१३ मध्ये लोमोग्राफीने किकस्टार्टरवर लोकांकडून १० लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी करून तिची नवी आवृत्ती आणली. गंमत म्हणजे ही नवी लेन्स बनली ती हेलिऑस बनवणाऱ्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातच.

• ट्रायोप्लान १००: जर्मनीतल्या मेयर-ऑप्टिक ग्योर्लिट्झची एफ/२.८ लेन्स. आत फक्त तीन काचा. हिच्या चकत्यांची कड उजळ आणि मधला भाग फिकट असतो, त्यामुळे मागचे दिवे किंवा दवबिंदू साबणाच्या फुग्यांसारखे दिसतात. हा परिणाम स्फेरिकल ॲबरेशन या दोषामुळे येतो.

• ज्युपिटर-९: ८५ मिलिमीटर एफ/२. हिच्या अपर्चरला १५ पाती आहेत. त्यामुळे अपर्चर थोडं बंद केलं तरी चकत्या गोलच राहतात. भोवरा नको पण मऊ पार्श्वभूमी हवी, अशांसाठी ही लेन्स.

• मिरर लेन्स: आतमध्ये आरसे असलेल्या ५०० मिलिमीटरच्या लेन्स, उदाहरणार्थ सोव्हिएत रुबिनार. मधला आरसा प्रकाश अडवत असल्याने चकत्या मेदूवड्यासारख्या, मध्ये भोक असलेल्या दिसतात.

आजच्या कॅमेऱ्यावर ती बसते कशी?

हेलिऑस ४४-२ ला मागच्या बाजूला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात. याला एम४२ माउंट म्हणतात. लेन्स फिरवून कॅमेऱ्यात घट्ट बसवायची, इतकं साधं. १९४९ पासून पूर्व जर्मनीच्या कॅमेऱ्यांवर हे माउंट आलं आणि पुढे अनेक देशांतल्या कंपन्यांनी ते वापरलं.

खरा प्रश्न आट्यांचा नसून अंतराचा आहे. प्रत्येक माउंटसाठी लेन्स जिथे टेकते ती जागा आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. एम४२ साठी ते ४५.४६ मिलिमीटर आहे. जुन्या कॅमेऱ्यांत मध्ये आरसा असल्याने एवढी जागा लागायची. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यामुळे हे अंतर खूप कमी असतं. सोनी ई माउंटमध्ये ते १८ मिलिमीटर, निकॉन झेडमध्ये १६ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिलिमीटर आहे.

म्हणजे सोनीच्या कॅमेऱ्यावर हेलिऑस लावायची असेल तर मधली सुमारे २७.५ मिलिमीटर जागा भरून काढली की झालं. हे काम अडॅप्टर करतो. तो म्हणजे धातूची एक पोकळ कडी. आत काच नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. त्यामुळे त्याने फोटोच्या दर्जात फरक पडत नाही. फक्त तो नीट बनलेला हवा. जाडी कमी-जास्त असेल तर दूरच्या वस्तूंवर फोकस नीट बसत नाही आणि ढिला असेल तर लेन्स हलते.

डीएसएलआर असेल तर गणित बदलतं. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ मिलिमीटर आहे, म्हणजे एम४२ पेक्षा थोडं कमी. त्यामुळे पातळ अडॅप्टरने काम होतं. मात्र फुल फ्रेम कॅमेऱ्यात काही लेन्सचा मागचा भाग आरशाला लागू शकतो, हे आधी तपासावं लागतं. निकॉनच्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे एम४२ पेक्षा जास्त आहे. तिथे साध्या अडॅप्टरने दूरचा फोकस मिळत नाही. त्यासाठी आत काच असलेला अडॅप्टर लागतो आणि स्वस्त अडॅप्टरची ती काच फोटोचा दर्जा खराब करते. तुमच्याकडे निकॉनचा डीएसएलआर असेल तर एम४२ ऐवजी निकॉनच्याच जुन्या मॅन्युअल लेन्स शोधणं जास्त सोपं. पण कोणती लेन्स कुठल्या बॉडीवर चालते, हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

भोवरा दिसत का नाही?

सगळ्यात मोठं कारण सेन्सरचा आकार. आधी पाहिलं तसं भोवरा तयार होतो फोटोच्या कडेला. हेलिऑस ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीसाठी बनली आहे आणि फुल फ्रेम सेन्सर त्याच आकाराचा असतो. पण अनेकांकडे एपीएस-सी सेन्सरचे कॅमेरे आहेत. हा छोटा सेन्सर लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा फक्त मधला भाग टिपतो. म्हणजे ज्यासाठी लेन्स घेतली, तोच भाग कापला जातो. शिवाय ५८ मिलिमीटरची लेन्स तिथे सुमारे ८७ मिलिमीटरसारखी दिसते. पोर्ट्रेटसाठी ती उत्तम आहे, पण भोवरा जवळपास नाहीसा होतो.

यावर एक उपाय आहे फोकल रिड्यूसर. हा आत काचा असलेला अडॅप्टर लेन्सची प्रतिमा आकसून छोट्या सेन्सरवर बसवतो. साधारण ०.७१ पटीचा रिड्यूसर लावला तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५८ मिलिमीटरची लेन्स सुमारे ६२ मिलिमीटरसारखी दिसते, कडेचा बराचसा भाग परत मिळतो आणि प्रकाशही वाढतो. पण साध्या कडीपेक्षा हा अडॅप्टर महाग असतो.

दुसरं कारण अपर्चर. ते एफ/४ पर्यंत बंद केलं की 'दोन बांगड्यां'चा परिणाम संपतो, कारण आता प्रकाश अडवण्याचं काम मधलं छोटं भोक करतं आणि ते तिरक्या बाजूनेही जवळपास सारखंच दिसतं. भोवरा हवा असेल तर एफ/२ वरच राहायला हवं.

तिसरं कारण पार्श्वभूमी. मागे कोरी भिंत किंवा निरभ्र आकाश असेल तर फिरणार काय? पानांमधून झिरपणारं ऊन, दिव्यांच्या माळा अशा उजळ ठिपक्यांची गर्दी मागे हवी. माणूस कॅमेऱ्यापासून एक-दीड मीटरवर आणि त्याच्यामागे तीन-चार मीटरवर झाड, ही सुरुवात करण्यासाठी चांगली मांडणी आहे. चिंच, गुलमोहर यांसारखी बारीक पानांची झाडं यासाठी सोयीची, कारण त्यांतून प्रकाशाचे छोटे-छोटे ठिपके येतात. चेहरा फोटोच्या मधल्या भागात ठेवा. कडेला ठेवला तर तोच ओढल्यासारखा दिसेल.

फोटो काढताना काय करायचं?

अडॅप्टरमधून कॅमेरा आणि लेन्स यांच्यात काहीच संवाद होत नाही. कॅमेऱ्याला वाटतं, लेन्स लावलेलीच नाही. त्यामुळे आधी काही सेटिंग्ज बदलाव्या लागतात.

• मेनूमध्ये 'रिलीज विदाउट लेन्स' किंवा 'शूट विदाउट लेन्स' अशा नावाचा पर्याय सुरू करा. तो बंद असेल तर अनेक कॅमेऱ्यांत शटर दाबलंच जात नाही.

• कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंथ हाताने ५८ अशी भरा. चुकीचा आकडा असेल तर स्टॅबिलायझेशन नीट काम करत नाही.

• मोड अपर्चर प्रायॉरिटी ठेवा. अपर्चर लेन्सवर ठरतं, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो.

• 'फोकस पीकिंग' सुरू करा. फोकसमध्ये असलेल्या कडा रंगीत दिसू लागतात. अचूक फोकससाठी मात्र चित्र मोठं करून डोळ्यांवर फोकस तपासा.

हेलिऑस ४४-२ वर अपर्चरच्या दोन कड्या दिसतात आणि नवखे इथे गोंधळतात. एका कडीवर आकडे असतात. अपर्चर जास्तीत जास्त किती बंद होऊ द्यायचं, ते या कडीवर ठरतं. दुसरी कडी मोकळी फिरते आणि तिने अपर्चर पूर्ण उघडं ते ठरवलेला आकडा एवढ्याच मर्यादेत हलतं. फिल्मच्या काळात फोटोग्राफर अपर्चर उघडं ठेवून फोकस करायचे आणि शटर दाबण्याआधी न पाहता कडी फिरवून ते बंद करायचे. आज व्हिडिओ शूट करणाऱ्यांना ही मोकळी कडी सोयीची वाटते, कारण तिला टप्पे नसतात आणि 'टकटक' आवाज येत नाही.

फोकसमध्ये चूक व्हायला किती वाव आहे? फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/२ ला, १.२ मीटर अंतरावर जेमतेम ५ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ६० सेंटिमीटरवर तो सव्वा सेंटिमीटरच्या आसपास उरतो. म्हणजे डोळा स्पष्ट आणि नाकाचा शेंडा धूसर. माणूस श्वास घेताना जरा पुढे झुकला तरी फोकस जातो. त्यामुळे एकाच मांडणीचे चार-पाच फोटो काढणं शहाणपणाचं. धावणारी मुलं किंवा लग्नातली वरात यासाठी ही लेन्स नाही.

या लेन्सवरचं कोटिंगही जुन्या पद्धतीचं आहे. सूर्य समोर किंवा कडेला असेल तर फोटो फिका पडतो, रंगीत डाग येतात. काहींना हा परिणामही आवडतो. नको असेल तर लेन्स हूड लावा किंवा हाताने सावली धरा.

विकत घेताना काय तपासायचं?

इथे दोष आणि बिघाड यांतला फरक खिशाला भिडतो. धुरकट फोटो देणारी लेन्स 'व्हिंटेज लूक' म्हणून विकली जाऊ शकते. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची आणि दुरुस्तीची दुकानं आहेत. अशा ठिकाणी लेन्स हातात घेऊन पाहता येते, हा मोठा फायदा. मोबाइलचा टॉर्च सोबत असला तरी पुरेसा आहे.

• बुरशी: अपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. सुरुवातीची बुरशी साफ करता येते, पण जुनी बुरशी कोटिंग आणि काच खाते. तो डाग कायमचा.

• धुरकटपणा: काचेवर श्वास सोडल्यावर दिसते तशी पांढरी झाक आतमध्ये दिसली तर फोटोचा कॉन्ट्रास्ट कमी होणार. हा 'लूक' नाही, हा बिघाड आहे.

• सुटलेला डिंक: काही काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. डिंक सुटू लागला की कडेला इंद्रधनुषी किंवा चंदेरी डाग दिसतात. याची दुरुस्ती सहसा परवडत नाही.

• पात्यांवर तेल: ४४-२ सारख्या हाताने अपर्चर फिरवायच्या लेन्समध्ये पात्यांवरच्या थोड्या तेलाने फारसं बिघडत नाही. पण हेलिऑस ४४एम सारख्या ऑटोमॅटिक अपर्चरच्या लेन्समध्ये पाती चिकटतात.

• फोकसची कडी: ती जड असेल तर आतलं ग्रीस सुकलं आहे. सर्व्हिसिंगने हे सुधारतं, पण त्याचा खर्च किमतीत धरा.

• पुढची कड: फिल्टर लावायच्या आट्यांना पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे.

उलट, काही गोष्टींना घाबरायचं कारण नाही. आत धुळीचे चार कण, काचेतला एखादा सूक्ष्म बुडबुडा किंवा पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही.

नावातही गफलत होते. ४४-२ आणि ४४एम यांच्या पुढे ४४एम-४ सारख्या आवृत्त्या आहेत. त्यांत अपर्चर हाताने बंद करण्याचा खटका नाही, तर मागे एक पिन असते. अशा लेन्ससाठी ती पिन दाबून ठेवणारा अडॅप्टरच लागतो, नाहीतर अपर्चर कायम उघडं राहतं. सुरुवातीच्या हेलिऑसना एम४२ ऐवजी ३९ मिलिमीटरचे आटे होते. तेवढ्याच आट्यांचे लायका पद्धतीचे अडॅप्टरही मिळतात, पण त्यांचं अंतर वेगळं असल्याने ते इथे चालत नाहीत.

पुढची काच उलटी बसवलेल्या हेलिऑसही विकल्या जातात. त्यांचा परिणाम जास्त नाट्यमय असतो, पण ती मूळ लेन्स नव्हे. विक्रेत्याने हे सांगितलं आहे का, ते पाहा.

परदेशातून मागवत असाल तर कस्टम्स ड्युटी आणि कुरिअरचा खर्च आधीच जोडा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून रशियातून थेट मागवणं आणि तिथे पैसे पाठवणं अवघड झालं आहे. विक्रेत्याकडून टॉर्च मारून काढलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ होत असेल तर दुसरा विक्रेता शोधा.

किरणोत्सारी लेन्स म्हणजे काय?

जुन्या लेन्स शोधताना 'रेडिओॲक्टिव्ह लेन्स' हा शब्द हमखास समोर येतो. तो अफवा नाही. पूर्वी काही लेन्सच्या काचेत थोरियम वापरलं जायचं, कारण त्यामुळे काचेचे प्रकाश वळवण्याचे गुणधर्म सुधारायचे. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ ची सात काचांची आवृत्ती याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. कालांतराने ही काच पिवळी पडते. ती काही दिवस अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवली तर पिवळेपणा बराच कमी होतो.

फोटो काढण्यापुरत्या वापरात यातून होणारा किरणोत्सार अत्यल्प मानला जातो. पण अशी काच घासू नये, फोडू नये आणि तिचं डोळ्याला लावायचं भिंग करू नये.

आपल्या पावसाळ्यात लेन्स कशी टिकवायची?

बुरशीला दमट, अंधारी आणि बंद जागा आवडते. जून ते सप्टेंबरमध्ये कोकण, मुंबई आणि गोव्यात कपाटातली प्रत्येक कॅमेरा बॅग अशीच जागा असते. जुन्या लेन्ससोबत येणारी चामड्याची डबी दिसायला सुंदर असते, पण चामडं ओलावा धरून ठेवतं. त्या डबीत लेन्स ठेवू नका.

हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मापक ठेवला तरी काम भागतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडं करावं लागतं. लेन्स जास्त असतील तर इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट घेता येतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लेन्स नियमित वापरणं. पावसात भिजून आलेली बॅग तशीच बंद करून ठेवू नका.

मोबाइलवर हे जमत नाही का?

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड माणूस आणि पार्श्वभूमी वेगळी करतो आणि मागचा भाग हिशोब करून धूसर करतो. काही ॲप भोवराही तयार करतात. छोट्या स्क्रीनवर अनेकांना फरक कळणारही नाही. तो कळतो तो केसांच्या कडांवर, चष्म्याच्या काचेतून दिसणाऱ्या पार्श्वभूमीत आणि गवतासारख्या गोष्टींत. लेन्समध्ये धूसरता अंतरानुसार हळूहळू वाढत जाते, तर मोबाइलला ती कुठे सुरू करायची याचा अंदाज बांधावा लागतो.

त्यामुळे एखाद-दुसऱ्या फोटोपुरता भोवरा हवा असेल तर ॲप पुरेसं आहे. लेन्स घ्यायचीच असेल तर आधी आपला सेन्सर आणि माउंट पाहा, मग टॉर्च घेऊन लेन्स पाहा आणि सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव ठरवा. हेलिऑस मोठ्या संख्येने बनली आहे. समोरची लेन्स धुरकट निघाली तर ती परत ठेवून दुसरी पाहण्याइतका वेळ नक्कीच असतो.